न आलेल्या सिनेमाचा निषेध

बावखल (वसई)

मागच्या रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो, मोबाईल उघडला, तर आमच्या पॅरिशच्या ग्रुपवर एकच निरोप सात जणांनी टाकलेला. अतितातडीचा. कॉर्पस क्रिस्ती नावाचा सिनेमा लवकरच येतोय, त्यात प्रभू येशू आणि त्याचे शिष्य समलिंगी दाखवलेत, आपण हे सहन करायचं का, खाली आपलं नाव जोडा आणि पुढे पाठवा. खाली नावांची यादी. मी पाहिली तेव्हा १८३ नावं झाली होती. त्यात माझा शेजारी, माझे दोन मामा, आणि मला सातवीत गणित शिकवलेले सर.

तर मंडळी, हा सिनेमा येत नाहीये. तो कधी बनलाच नाही. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत ही अफवा निघाली. तेव्हा ती टपालाने फिरली आणि लोकांनी सरकारी कचेऱ्यांकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला. मग ईमेल आलं, अफवा ईमेलवर चढली. आता व्हॉट्सॲपवर आहे. चाळीस वर्षं ती 'लवकरच' येते आहे. त्या नावाचं एक नाटक आहे खरं, टेरेन्स मॅकनाली या अमेरिकन नाटककाराचं. ते १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये झालं आणि थिएटरला बॉम्बच्या धमक्याही आल्या. त्याच नावाचा एक पोलिश सिनेमा २०१९ चा. तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्यात सुधारगृहातून सुटलेला एक पोरगा खेड्यात जाऊन फादर म्हणून वावरतो. आमच्या निरोपाशी त्याचं नावापलीकडे काही नातं नाही.

म्हणजे माझ्या गावच्या १८३ शहाण्यासुरत्या माणसांनी नसलेल्या सिनेमाचा निषेध केला. हसू आलं, पण आधी लाज वाटली. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष होणार म्हटल्यावर, हा माणूस पाद्री आहे एवढ्याच कारणाने काहींनी आरडाओरडा केला होता. त्यांनी फादरांची एक ओळही वाचली नसणार, असं तेव्हा आपणच वसईत चिडून म्हणत होतो. आता आपण काय केलं?

मला वाटतं, आपल्याकडे चिडायची तयारी आधी होते आणि सिनेमा मागाहून सापडतो. १९८८ चं प्रकरण घ्या. मार्टिन स्कॉर्सेसीने निकोस कझान्त्झाकिसच्या कादंबरीवरून येशूच्या शेवटच्या मोहाचा सिनेमा केला. स्कॉर्सेसी म्हणजे पोरवयात धर्मगुरू व्हायला निघालेला माणूस. सिनेमात येशूला क्रुसावर एक भास होतो: खाली उतरावं, लग्न करावं, पोरंबाळं व्हावीत, म्हातारपणी अंथरुणात मरण यावं. शेवटी तो हा मोह झिडकारतो आणि क्रुसावरच प्राण सोडतो. झिडकारतो, हे कितीजणांना ठाऊक आहे? अमेरिकेत स्टुडिओसमोर हजारो लोक जमले. बिल ब्राइट या प्रचारकाने तर सिनेमाचा सगळा खर्च भरून देतो, प्रती आमच्या हवाली करा, नष्ट करू, असा प्रस्ताव दिला. पॅरिसमध्ये २२ ऑक्टोबर १९८८ ला सेंट मिशेल चित्रपटगृहाला कट्टर कॅथलिक टोळक्याने रात्री आग लावली, तेरा माणसं जखमी झाली. पॅरिसच्या आर्चबिशपांनी आधी सिनेमावर कडक टीका केली होती. आगीचा निषेधही मग त्यांनाच करावा लागला.

गंमत म्हणजे याच ब्राइटच्या संस्थेने १९७९ साली येशूवर स्वतःचा सिनेमा काढला होता, आणि तो जगातल्या शेकडो भाषांत नेला. म्हणजे पडद्याची ताकद त्याला नेमकी ठाऊक होती. आम्हालाही होती. माझ्या लहानपणी चर्चच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरं कापड बांधून 'दयासागर' दाखवला होता. सिनेमा मुळात तेलुगू, १९७८ चा, येशूचं काम करणारा नट तेलुगू, संवाद हिंदीत डब केलेले, आणि बघणारी माझी आजी कादोडीशिवाय दुसरी भाषा न बोलणारी. खिळे ठोकायच्या वेळी ती मोठ्याने रडली आणि मला म्हणाली, डोळे झाक. मी झाकले नाहीत.

तर बोला. बंदी, बहिष्कार, दुर्लक्ष, की आधी बघून मग भांडण?

रापणकर (मालवण)

माका तुमच्या धर्मातला काय कळना नाय, पण नाटकातला थोडा कळता. आमच्या दशावतारात आधी संकासूर येता. काळो झगो, लाल जीभ लोंबतली. ह्यो वेद चोरणारो राक्षस. पण देवळासमोर, भर जत्रेत, देव पालखीतसून बघता हा असा धरून, तो भटाची अशी काय फिरकी घेता की बायाबापडे पोट धरून हसतत. शेवटाक विष्णू येता, त्येका मारता, लोक हात जोडतत. आजपर्यंत कोणी केस घालूक नाय.

प्रमाण भाषेत सांगतो, नाहीतर वसईकर तक्रार करतील. ज्या देवाची चेष्टा त्याच्याच दारात होते त्या देवाला सिनेमाची भीती नसते. तुमच्यात चेष्टेची जागाच ठेवलेली नाही, म्हणून इतकं लागतं. बाकी १८३ नावांचा किस्सा लय भारी.

ओसरी (वसई)

रापणकर, जत्रा तुमची, देऊळ तुमचं, भटजी तुमचे आणि जिभेवाला संकासूरही तुमच्याच वाडीतला, उद्या सकाळी त्याच भटजींच्या ओसरीवर चहा पिणारा. उद्या परगावचा कुणी येऊन, रवळनाथ कोण हेही माहीत नसताना, त्याची टिंगल करून पैसे कमवायला लागला तर तुम्ही रापण किनाऱ्यावर टाकून धावाल. चेष्टा कोण करतं आणि तिकीट कोण विकतं, यावर सगळं असतं.

आणि बावखल, तुम्ही पॅरिस-अमेरिकेचे दाखले देताय. तिथे ख्रिस्ती बहुसंख्य आहेत. तिथला स्कॉर्सेसी घरचा माणूस, घरातलं भांडण आहे ते. इथे आपण मूठभर. आपल्याबद्दल लोकांना जे काही कळतं ते हिंदी सिनेमातून. आणि हिंदी सिनेमाने आपल्याला काय दिलं? दारूची बाटली, फ्रॉक, 'अरे मॅन' म्हणणारा मायकल, गुंडाच्या अड्ड्यावर नाचणारी मुलगी. फादर असला तर एक तर भोळसट, नाही तर मारेकऱ्याचं पाप ऐकून गप्प बसणारा. मी शाळेत असताना मधल्या सुट्टीत मुलं मला 'ए सँड्रा' म्हणायची. माझं नाव सँड्रा नाही. माझी आजी लाल लुगडं नेसायची, अंगणात सुकेळी वाळत घालायची आणि चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी गाणी गायची. ती कुठल्या सिनेमात दिसली?

२०१२ साली प्रियदर्शनचा 'कमाल धमाल मालामाल' आला. त्यात फादरच्या गळ्यात लॉटरीच्या तिकिटांची माळ. मुंबईत ख्रिस्ती संघटनांनी हरकत घेतली आणि निर्मात्यांनी आक्षेपाची दृश्यं काढली. याला तुम्ही पॅरिसच्या आगीच्या पंक्तीला बसवणार?

बावखल

नाही बसवणार. लॉटरीच्या माळेचं तुमचं म्हणणं मला बऱ्यापैकी पटतं. पण त्यातच माझाही मुद्दा आहे. ज्या सिनेमांनी आपली रोजची थट्टा केली ते आपण चाळीस-पन्नास वर्षं पॉपकॉर्न खात बघितले. 'सँड्रा' म्हणून तुम्हाला चिडवणाऱ्या पोरांमागे कझान्त्झाकिस नव्हता. आपली संतापाची शक्ती खर्च होते ती येशूने लग्न केलं होतं का, असल्या प्रश्नावर. त्याने प्रभूचं काय बिघडतं? सँड्रामुळे तुमचं मात्र बिघडलं.

तळ्याकाठी (वसई)

त्या १८३ मधला मी एक. क्रमांक ४१. निरोप खोटा होता हे आता कळलं, ठीक आहे, चूक झाली. पण भावना खोटी नव्हती, त्यामुळे मला कसली लाज वाटत नाही.

सिनेमा बघितल्याशिवाय बोलू नका, हे आजकालचं नवीन शास्त्र आहे. विहिरीत विष आहे असं चार जाणत्यांनी सांगितल्यावर मी पोहरा सोडून चव घेऊन बघायची का? १९८५ साली गोदार या फ्रेंच माणसाने पवित्र मरियेला आजच्या काळातली, पेट्रोल पंपावरची मुलगी करून उघडीनागडी दाखवली, तेव्हा खुद्द पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर निषेध केला. तेही असहिष्णू का? कुणी तुमच्या आईबद्दल वाईटसाईट लिहिलं तर तुम्ही आधी शेवटच्या पानापर्यंत वाचणार आणि मग तिच्या चारित्र्यावर चर्चासत्र घेणार?

आपल्या मातीतली गोष्ट सांगतो. फादर स्टीफन्स इंग्लंडातून गोव्याला आले, मराठी शिकले आणि १६१६ साली ओव्यांमध्ये येशूचं चरित्र छापलं. हजारो ओव्या. आपल्या वाचकांना रुचेल अशी मराठी, पण शिकवणीला कुठे धक्का नाही. वरिष्ठांची परवानगी घेऊन छापलेलं. म्हणून चारशे वर्षं टिकलं. कलावंताला मोकळं सोडलं की तो मोठा होतो, हे मला मान्य नाही. चौकट असली की मोठा होतो.

पागोळी (रत्नागिरी)

तळ्याकाठी सर, स्टीफन्सचं नाव काढलंत, बरं वाटलं. पण परवानगीने ग्रंथ टिकतात हे तुम्ही जरा घाईने म्हणालात. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या लोकांसाठी स्टीफन्सनी लिहिलं त्यांच्याच बोलीवर वरवंटा. परवानगी देणारा हात तोच असतो हो, फक्त उद्या त्याचा मूड बदलतो. ग्रंथ टिकला तो लोकांनी तो पाठ केला, गायला आणि हाताने उतरवून घेतला म्हणून.

आता विषावर. पासोलिनी नावाचा इटालियन दिग्दर्शक होता. नास्तिक, मार्क्सवादी, समलिंगी, म्हणजे तुमच्या पॅरिश ग्रुपच्या निरोपात अगदी चपखल बसेल असा. १९६३ साली त्याने एक छोटा सिनेमा केला. त्यात क्रुसावरच्या प्रसंगाचं चित्रीकरण चाललंय आणि चोराचं काम करणारा उपाशी माणूस क्रुसावरच मरतो. धर्माचा अपमान केला म्हणून त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली, ती स्थगित ठेवली गेली ही गोष्ट वेगळी. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, याच माणसाने मत्तयच्या शुभवर्तमानावर सिनेमा केला. शुभवर्तमानाबाहेरचा संवाद जवळजवळ नाही. दक्षिण इटलीतले शेतकरी, मजूर, खेडवळ चेहरे. म्हातारी मरिया म्हणून त्याची स्वतःची आई. सिनेमा अर्पण केलाय पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला. १९९५ मध्ये व्हॅटिकनने पंचेचाळीस चांगल्या सिनेमांची यादी काढली, त्यात हा आहे.

त्याच यादीत बुन्युएल या स्पॅनिश दिग्दर्शकाचाही एक सिनेमा आहे. बुन्युएलच्या १९६१ च्या दुसऱ्या एका सिनेमाला व्हॅटिकनच्या वर्तमानपत्राने ईश्वरनिंदा म्हणून झोडपलं होतं. म्हणजे जाणत्यांनी विष म्हटलेल्या विहिरीचं पाणी चौतीस वर्षांनी तेच जाणते पाहुण्यांना देतात. माझं म्हणणं एवढंच की पासोलिनीला १९६३ मध्ये कायमचा गप्प केला असता तर १९६४ चा सिनेमा झाला नसता.

एक अवांतर. आपले दादासाहेब फाळके गिरगावात येशूच्या चरित्रावरचा मूकपट बघायला बसले होते. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण येत होते, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'. भारतीय सिनेमाच्या पायाखाली येशूचा एक सिनेमा आहे. तोही तेव्हा कुणी 'परक्यांना दाखवू नका' म्हणून अडवला असता तर?

रापणकर

मगे दादासायबांका पण कोणीतरी १८३ नावांचो कागद धाडूक व्हयो होतो.

तिरफळ (सावंतवाडी)

कायद्याचं थोडं, कारण इथे बंदी-बंदी खूप झालं. 'दा विंची कोड', म्हणजे येशूचं लग्न झालं होतं असं म्हणणाऱ्या कादंबरीवरचा सिनेमा, मे २००६ मध्ये जगभर लागला, आपल्याकडे आठवडाभर अडकला. सेन्सॉरने 'ए' प्रमाणपत्र दिलं आणि हे सगळं काल्पनिक आहे अशी पाटी घालायला लावली. तरी गोवा, नागालँड, पंजाब, तमिळनाडू, आंध्र अशा काही राज्यांनी बंदी घातली. महाराष्ट्रात बंदी नव्हती. आंध्र आणि मद्रास उच्च न्यायालयांनी त्या-त्या राज्यांची बंदी रद्द केली. आधार जुनाच, १९८९ चा रंगराजन खटल्याचा निकाल: सेन्सॉरने पास केलेला सिनेमा केवळ निदर्शनांच्या किंवा दंग्याच्या धमकीमुळे थांबवता येणार नाही, बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम आहे.

परिणाम काय झाला ते मी सांगतो, मी तेव्हा बांद्याहून रोज गोव्यात कामाला जायचो. बंदी यायच्या आधी माझ्या कंपनीतल्या कुणाला त्या पुस्तकात रस नव्हता. बंदी आल्यावर पंधरा दिवसांत सीडी हातोहात फिरली. आमच्या सुपरवायझरने, जो दर शुक्रवारी न चुकता कुर्साच्या पायाशी मेणबत्ती लावायचा, ती दोनदा बघितली आणि मला म्हणाला, "कंटाळवाणो रे, नुसते धावतात." सगळ्यात प्रामाणिक समीक्षा.

'लाइफ ऑफ ब्रायन'चं असंच. १९७९ चा. येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या एका बावळटाला लोक मसीहा समजतात, अशी गोष्ट. नॉर्वेने बंदी घातली, तर शेजारच्या स्वीडनमध्ये जाहिरात केली: इतका विनोदी की नॉर्वेत बंदी आहे! बंदीएवढी स्वस्त जाहिरात नाही.

ओसरी

तिरफळ, तुमच्याच गोष्टीतून माझा मुद्दा निघतो. २००६ मध्ये लोक उपोषणाला बसायला निघाले, मंत्र्यांना भेटले, कोर्टात गेले. कोर्टाने नाही म्हटलं, तर घरी आले. यात नेमकं काय चुकलं? नागरिकाने हेच करायचं असतं ना? हरकत घेणारा म्हणजे मागासलेला, हे समीकरण तुम्ही सगळे किती सहज मांडता. पागोळींना पासोलिनी पाठ आहे, पण ख्रिस्ती माणसाने अर्ज लिहिला की तो लगेच आग लावणाऱ्यांच्या रांगेत.

आणि 'दुर्लक्ष करा' हा सल्ला नेहमी त्यांच्याकडूनच येतो ज्यांना दुर्लक्ष परवडतं.

तिरफळ

अर्ज करणं चूक नाही, मान्य. पण अर्जात काय मागताय ते बघा. 'आम्हाला हे आवडलं नाही' वेगळं आणि 'दुसऱ्याने बघू नये' वेगळं. केरळात २०२१ मध्ये एका मल्याळम सिनेमाचं नुसतं नाव 'ईशो', म्हणजे येशू, आहे म्हणून याचिका झाली. पात्राचं नाव ईशो, गोष्ट आजची. उच्च न्यायालयाने नावावरून हस्तक्षेप करणार नाही म्हणून फेटाळली. ईशो नावाची निम्मी माणसं केरळात रिक्षा चालवत असतील!

आणि एक जरा झोंबणारं विचारतो, राग मानू नका. २०२४ मध्ये त्याच केरळातल्या इडुक्की धर्मप्रांताने 'द केरला स्टोरी' मुलांना दाखवला. मुसलमान समाजाने तो सिनेमा आपली बदनामी करणारा म्हणून आक्षेप घेतला होता. म्हणजे आपल्यावरचा सिनेमा आला की भावना, आणि शेजाऱ्यावरचा आला की प्रोजेक्टर?

ओसरी

ते मला अजिबात आवडलं नव्हतं. तेव्हाही म्हटलं होतं. केरळातल्याच कितीतरी ख्रिस्ती लोकांनीही म्हटलं. पण इडुक्कीचा हिशेब वसईच्या बाईकडून कशाला मागताय? रापणकरांकडून मी सगळ्या मालवणचा मागते का?

नवगाव बंदर (अलिबाग, सध्या ठाणे)

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं, पण शेजाऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

मी बेने इस्रायल. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. कोकणात आम्हाला ज्यू म्हणून कधी कुणी बोट लावलं नाही, हे मी दुनियेला अभिमानाने सांगतो.

२००४ साली मेल गिब्सनचा येशूवरचा सिनेमा आला. तुम्ही लोक त्याला वादग्रस्त म्हणत नाही, कारण तो तुमच्या बाजूचा होता. तुमच्याकडच्या चर्चमधून गाड्या भरून माणसं नेली, जगभर नेली. माझा एक जिवलग मित्र कोर्लईचा, ख्रिस्ती पाड्यातला. घरात त्यांची ती जुनी पोर्तुगीज वळणाची बोली, बाहेर आमच्यासारखी आगरी-मराठी. तो म्हणाला, चल, गाडीत एक जागा आहे. गेलो. दोन तास फटके, रक्त, मांस. आणि आरडाओरडा करणारा, क्रुसावर द्या म्हणणारा ज्यूंचा जमाव. मित्र शेजारी हमसून रडत होता. मीही रडत होतो, पण मला आजूबाजूच्या अंधाराची भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा.

परतताना गाडीत कुणाच्या तरी आठ-नऊ वर्षांच्या पोराने मला विचारलं, "काका, तुम्ही लोकांनी असं का केलं?" गाडीत कुणीच काही बोललं नाही. माझा मित्रही नाही. पेण येईपर्यंत.

'याचं रक्त आम्हांवर आणि आमच्या लेकरांवर असो' हे वाक्य मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, मला ठाऊक आहे. गिब्सनने ते अरामी भाषेत ठेवलं आणि खालची अक्षरं काढली. ऐकू येतं, वाचता येत नाही. त्या एका वाक्यावरून युरोपात आमच्या लोकांचं किती रक्त सांडलं याची मोजदाद नाही. म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये लिहून दिलं की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. तुमच्याच धर्मसभेचा शब्द. त्या गाडीत तो कुणाला माहीत नव्हता.

मी बंदी मागितली नाही, आजही मागत नाही. पण कुठल्या सिनेमाने माणसाचं नुकसान होतं आणि कुठल्याने नाही, हे तुमचं तुम्ही ठरवताना तो सिनेमा तुमच्या यादीत कधीच का नसतो, एवढं मला विचारायचं होतं.

बावखल

त्या सिनेमाला आमच्याही गावातून दोन बस गेल्या होत्या. मी होतो एकीत. परतताना रोझरी म्हटली. तुम्ही सांगताय तो प्रश्न माझ्या डोक्यात त्या दिवशीच काय, आज सकाळपर्यंत आला नव्हता.

तळ्याकाठी

नवगाव बंदर, तो मुलगा तुमच्याशी जे बोलला त्याचा दोष सिनेमावर जितका, त्याहून जास्त त्याला धर्मशिक्षण देणाऱ्यांवर. मी स्वतः तीस वर्षं रविवारच्या वर्गात मुलांना शिकवलं. १९६५ चा तो दस्तऐवज मी वाचलेला आहे. मुलांना कधी सांगितला का, ते आठवायचा प्रयत्न करतोय. वधस्तंभाचा प्रसंग शिकवताना 'ज्यूंनी' असंच म्हणत आलो. येशू ज्यू होता, मरिया ज्यू होती, हे एका दमात कधी म्हटलं नाही.

पण यावरून माझं मूळ म्हणणं मी मागे घेत नाही. उलट बघा, सिनेमा इजा करतो हे तुम्हीच सांगताय. मग इजा करणाऱ्या गोष्टीला आवर घालायचा नाही, हे कसं? पागोळी, तिरफळ, तुम्ही दोघं म्हणताय सिनेमाने कुणाचं काही बिघडत नाही, बंदीने फक्त जाहिरात होते. यांचं बिघडलं की.

पागोळी

बिनतोड आहे सर, कबूल. सिनेमाने काही बिघडत नाही असं मी म्हटलं नव्हतं, पण माझ्या लिहिण्याचा सूर तसा होता. पासोलिनीची गोष्ट सांगताना मला फक्त दिग्दर्शक दिसत होता. अंधारात शेजारी बसलेला माणूस नाही.

तरी आवर घालणार कोण? गिब्सनला आवर घालायचा अधिकार ज्याच्या हाती द्याल तोच पुढच्या महिन्यात पासोलिनीला घालेल. त्या गाडीत सिनेमा थांबवणारा माणूस नको होता, बोलणारा एक माणूस हवा होता. पेणपर्यंत वेळ होता.

ओसरी

बोलणारा एक हवा होता हे लिहायला सोपं आहे. शाळेत मला सँड्रा म्हणत तेव्हा वर्गात साठ मुलं होती.

मी माझं मत बदललेलं नाही. लॉटरीच्या माळेवर उद्याही सही करीन, स्वतःच्या नावाने. फक्त आधी बघून घेईन खरंच आहे का ते. आणि नवगाव बंदर, तुमच्या लेखी ज्या सिनेमावर हरकत घ्यायला हवी होती तिथेही सही केली असती. तुम्ही विचारलं असतंत तर.

नवगाव बंदर

विचारायचं धाडस नव्हतं झालं. पण लक्षात ठेवतो.

तिरफळ

तळ्याकाठी सर, तुम्ही तो पासोलिनीचा सिनेमा बघाच एकदा. विहीर वगैरे बाजूला ठेवून.

तळ्याकाठी

चष्म्याचा नंबर वाढलाय. खालची अक्षरं वाचवत नाहीत. नातू घरी असेल तेव्हा बघू. आवडेलच असं समजू नका.

बावखल

ताजी खबर. तोच निरोप आत्ता उत्तनच्या मावशीकडून परत आलाय. यादी आता २६१ नावांवर. चाळता चाळता २०७ वर माझं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी काही जोडलेलं नाही.

खाली जाऊन आईला विचारलं. भाकरी थापत होती. म्हणाली, "घरातल्या सगळ्यांची टाकली. कुत्र्याचं तेवढं सोडलं."

रापणकर

कुत्र्याचा नाव काय असा?